चौसष्टने संपणारा नंबर

१

बुधवारी सकाळी साडेआठला यमुताई हरकरे यांना दादाजी सुखदेवे यांची मेल आली. ती दादाजींनी लिहिलेली नाही, हे त्यांना पहिल्याच ओळीत कळलं.

'आदरणीय, मी गंभीर आजारी असून रुग्णालयात दाखल आहे. कृपया खालील दुव्यावर आपली माहिती भरून सहकार्य करावे.'

दादाजी गेली नऊ वर्षं त्यांना लिहीत होते, आणि त्यांचं प्रत्येक पत्र 'जय भीम, ताई' असं सुरू व्हायचं. रुग्णालय हा शब्द त्यांनी कधी वापरला नव्हता. ते दवाखानाच म्हणत.

यमुताईंचं वय बहात्तर. एका दैनिकाच्या मुद्रितशोधन विभागात त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. आता रामदासपेठेतल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. दुधाची पिशवी दाराला अडकवलेली असे, पेपर फटीतून आत येई, आणि कधीकधी चार-चार दिवस त्यांचा आवाज कोणाच्या कानावर पडत नसे. पण नजर अजून पहिल्यासारखी होती. त्यांनी त्या दुव्याला बोट न लावता त्यातलं एकेक इंग्रजी अक्षर वाचलं. ई-मेल कंपनीच्या नावात जिथे एम असायला हवा, तिथे आर आणि एन एकमेकांना चिकटून बसले होते. घाईत वाचणाऱ्याला तो एमच दिसला असता.

मेलच्या तळाशी एक फोन नंबर होता. त्यांनी तो सोडून दिला आणि आपल्या डायरीतला दादाजींचा नंबर लावला.

"कोणत्या दवाखान्यात आहात?"

"दवाखान्यात? मी तर ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलून राहिलो, ताई." तिकडे सूप बाजूला सरकवल्याचा आवाज आला. "पण बरं झालं तुमी फोन केला. काल दुपारी माह्यं सारं गेलं. एकशे त्रेचाळीस माणसं गेली."

२

गुरुवारी यमुताई बसने कन्हानला गेल्या.

दादाजी कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. सत्त्याहत्तर वर्षांचे. छप्पन साली गावोगावाहून पायी नागपूरला दीक्षेला आलेली माणसं, खाणीत टोपल्या वाहिलेल्या बाया, अशांच्या आठवणी ते फोनवर ध्वनिमुद्रित करत. काम सुरू केलं होतं त्यांच्या मुलाने, सौरवने. ई-मेलचं खातं त्यानेच उघडलं आणि सगळी ध्वनिमुद्रणं त्या खात्याच्या साठवणीत ठेवायला लागला. चार वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त होऊन सौरव गेला. दादाजींनी काम थांबवलं नाही. लिहून काढलेली पानं ते यमुताईंकडे तपासायला पाठवत, आणि त्यांची ओळख तीच.

"त्यातले एकशे वीस लोक आता नाहीत," दादाजी म्हणाले. "त्यायले पुन्हा कुठून विचारू?"

त्यांचा पुतण्या अंकुश आलेला होता. तो बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. सौरवची बायको सरिता हिने चहा आणून ठेवला. तिला गुरुवारची सुट्टी असे. एरवी ती रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात ओपीडीच्या काउंटरवर बसायची. ती ट्रे हातात धरून दाराशी उभी राहिली.

"वहिनी, मले अजून अर्धा कप," अंकुश म्हणाला, आणि ती आत गेली.

अंकुशने आपला मोबाइल यमुताईंपुढे धरला. खात्याला जोडलेली दुसरी मेल त्याची होती, म्हणून कंपनीची सूचना त्याच्याकडे आली होती. मंगळवार, दुपारी दोन चाळीस. चौसष्टने संपणाऱ्या मोबाइलवर पाठवलेला कोड वापरून नव्या उपकरणावर खातं उघडण्यात आलं. त्याखाली दुसरी सूचना, तीन मिनिटांनंतरची: पासवर्ड बदलला, नंबर बदलला.

"मी १९३० वर, सायबर पोलिसाच्या नंबरावर तक्रार केली," अंकुश म्हणाला. "ते म्हणाले, कोणीतरी खोट्या पानावर पासवर्ड आन् कोड भरला. चोराने तो तिकडे उचलून वापरला. म्हणजे आपल्यातल्याच कोणीतरी दिला."

"पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

"मोठेबाबा, मी, आन् ती गार्गी. पीएचडी करते, मोठेबाबाच्या रेकॉर्डिंगवर. कपाटाच्या दाराच्या आतून कागद चिकटवला आहे, सौरवदादाच्या अक्षरातला."

"आणि चौसष्ट कोणाचा नंबर?"

अंकुशने दादाजींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोठेबाबाचा अठराने संपते. माहा शून्य सातने. गार्गीचा एक्क्याण्णवने. चौसष्ट सौरवदादाचा होता. चार वर्षांपासून बंद आहे तो. लावून पायला मी. कंपनीचा नियम असा आहे का नंबर बदलला तरी सात दिवस जुन्या नंबरावरून खातं परत घेता येते. मंगळवारी दोन चाळीसपर्यंत. पण ज्याच्या नावाचा नंबर, तोच..." त्याने वाक्य सोडून दिलं.

दादाजी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. "मी तर नुसतं बटन दाबतो आन् ठेवतो, ताई. ऐकत नाही. मले कमी ऐकू येते आता." जरा वेळाने ते म्हणाले, "पुलावर मालगाडी चढली."

यमुताईंना काहीच ऐकू आलं नव्हतं. अर्ध्या मिनिटाने त्यांच्याही कानावर तो खडखडाट आला.

परतीच्या बसमध्ये त्या एकाच गोष्टीचा विचार करत होत्या. बंद पडलेल्या नंबरावर मंगळवारी कोड आला होता, आणि कोणीतरी तो वाचला होता.

३

गार्गी शनिवारी सकाळी यमुताईंकडे आली. सत्तावीस वर्षांची, डोळ्यांखाली काळं झालेलं. बसायच्या आधीच तिने मोबाइल पुढे केला.

"मी नाही केलं, ताई. ही बघा ती मेल. मंगळवारी एक वाजून दहा मिनिटांनी मी तिचा फोटो काढून अंकुशदादांना पाठवलाय."

यमुताईंनी चष्मा वर केला. 'प्रिय ग्राहक, आपली जागा संपली आहे. चोवीस तासांत आपल्या सर्व फाइली कायमच्या पुसल्या जातील. त्या वाचवण्यासाठी त्वरित खात्री करा.' खाली निळं बटण. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात तेच आर आणि एन.

"तुला खोटी आहे हे कसं कळलं?"

"कंपनीला आपलं नाव माहीत असतं ना. ग्राहक कशाला म्हणेल? आणि एवढी घाई करायला लावतात तेव्हा काहीतरी चुकतंच. पण शंभर टक्के खात्री नव्हती, म्हणून दादांना विचारलं." तिचा आवाज बारीक झाला. "ते कारखान्यात असले की फोन गेटवर जमा असतो. त्यांनी चार वाजता बघितलं. मी गेटवर फोन करून निरोप द्यायला हवा होता. दादाजींना एक फोन केला असता तरी चाललं असतं. मी लायब्ररीत होते. वाटलं, बघतील."

यमुताईंनी तिला पाणी दिलं. अंकुशचा फोन दोन चाळीसला गेटवरच्या कप्प्यात होता. गार्गीने दीड तास आधीच ती मेल ओळखली होती. दादाजींकडे त्या नंबराचा फोन नव्हता. पासवर्ड माहीत असलेली तिन्ही माणसं सुटली होती.

"मला एक सांग. त्या खात्यात तुला कधी काही विचित्र दिसलं का?"

गार्गी विचारात पडली. "विचित्र असं नाही. पण अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी वर दिसते. त्यात रोज एक ते तेवीसमधलीच मुद्रणं असायची. चोविसावं कधीच नाही. मला वाटायचं, दादाजी ऐकत असतील."

"दादाजी ऐकत नाहीत," यमुताई म्हणाल्या.

त्यांनी कपाटातून तपासलेल्या पानांचा गठ्ठा काढला. पहिल्या तेवीस मुलाखतींत प्रश्नांपुढे 'सौ.' असं लिहिलेलं होतं. सौभाग्यवती वाचलं जाईल म्हणून त्यांनीच प्रत्येक ठिकाणी लाल शाईने खोडून 'सौरव' केलं होतं. चोविसाव्यापासून प्रश्नांपुढे 'दा.' होतं.

कोणीतरी रोज सौरवचे प्रश्न ऐकत होतं.

४

रविवारी दुपारी यमुताई फोन घेऊन खिडकीशी बसल्या.

अंकुश म्हणाला होता, नंबर बंद आहे. पण बंद म्हणजे काय? लोक ऐकलेलं वाक्य कधी नेमकं सांगत नाहीत, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. त्यांनी चौसष्टने संपणारा नंबर लावला.

"आपण डायल केलेला नंबर सध्या स्विच ऑफ आहे," बाईचा आवाज म्हणाला.

त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. ताडून पाहायला दुसरा एक नंबर हवा होता, खात्रीने मेलेला. एकच पाठ होता. मुद्रितशोधन विभागाच्या टेबलावरचा. विभाग बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. आकडे दाबताना त्यांचं बोट क्षणभर अडखळलं.

"आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही."

त्यांनी दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि बराच वेळ पाहत बसल्या. सौरवचा नंबर अस्तित्वात होता. फक्त फोन बंद करून ठेवलेला होता. चार वर्षं कोणीतरी त्यात रिचार्ज भरत होतं, नाहीतर तो केव्हाच काढून घेतला गेला असता. मोबाइल कंपनीने तो दुसऱ्या कोणाला दिला असेल, तर त्या माणसाला कपाटाच्या दारामागचा पासवर्ड कुठून कळणार?

अंकुशने घरातली माणसं मोजली होती. मोजताना एक माणूस त्याच्या हिशेबात आलंच नव्हतं. ते माणूस तेव्हा आत त्याच्यासाठी चहा गाळत होतं.

मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

५

सोमवारी अडीच वाजता हॉस्पिटलच्या मागे, जनरेटरच्या खोलीजवळच्या बाकावर सरिता डबा उघडून बसली होती. एकटीच. तिने घास घेतलेला नव्हता.

"मावशी? तुमी इथं?"

"मी इथेच मागच्या गल्लीत राहते." यमुताई तिच्या शेजारी बसल्या. "रोज इथेच जेवतेस?"

"हो. कॅन्टीनमध्ये गलका असते."

"आणि इथे ऐकू येतं."

सरिताचा हात डब्याच्या झाकणावर थांबला.

"सरिता, सौरवचा नंबर बंद नाही, हे मला काल कळलं. पहिली तेवीस मुद्रणं रोज कोणीतरी ऐकतं, हे शनिवारी कळलं. त्यात सौरव बोलतो. दादाजी ऐकत नाहीत. मग कपाटातला कागद वाचू शकणारं आणि सौरवचा फोन जवळ असलेलं घरात कोण उरतं? मी पोलीस नाही. मला फक्त तो फोन हवा आहे."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला मोबाइल काढला. काचेला एका कोपऱ्यात तडा होता.

"ते गेल्यावर सगळे म्हणाले, नंबर बंद करून टाक. नंबर दुसऱ्याले देतात म्हणे. दुसरा कोणी उचलीन, हॅलो म्हणीन... मले ते चाललं नसतं. म्हणून माह्या पगारातून भरत राहिली." तिने नाक पुसलं. "त्याच्यात ते फक्त विचारतात, मावशी. 'मग काय झालं, आजी?' 'किती दिवस चाललात?' आजी काय सांगते ते मी ऐकतच नाही. त्यायचा प्रश्न झाला का मागं घेते. घरी ऐकता येत नाही. भित पातळ आहे. मामाजीच्या कानावर गेलं तर त्यायच्या जिवाले लागन."

"मंगळवारी काय झालं?"

"मेल आली होती का चोवीस तासात सगळं पुसून टाकू. तसंच बटन दाबलं, पासवर्ड टाकला. मग कोड मागितला, तोही टाकला. आन् पान एकदम कोरं झालं." ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. "त्याच वेळी समजलं मले. फोन बंद करून टाकला, तो आजपर्यंत."

"भरायच्या आधी कोणाला विचारलं का नाहीस?"

"कोणाले विचारू?" ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळली. "विचारलं असतं तर फोन दाखवा लागला असता. चार वर्षं झाली, अजून मेलेल्या नवऱ्याचा फोन चार्ज करते, असं सांगू? आन् आता सांगून तरी काय? मामाजीचं सारं मीच घालवलं."

"घालवलेलं नाही अजून. जुन्या नंबरावरून सात दिवस खातं परत घेता येतं. उद्या दोन चाळीसपर्यंत."

सरिता बाकावरून उठलीच. "हे मले कोणी सांगतलं नाही!"

"तुला कोणी विचारलंच नव्हतं," यमुताई म्हणाल्या. "चालू कर तो. इथेच करून टाकू."

तिने फोन हातात धरला, बटणावर अंगठा ठेवला, आणि पुन्हा काढून घेतला.

"नाही मावशी. आधी मामाजीले सांगते. त्यायच्या समोर करू."

६

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. यमुताईंनी कारखान्याच्या गेटवर फोन करून अंकुशला निरोप दिला. चार वाजता सगळे कन्हानच्या त्या ओसरीत होते.

सरिताने उभ्याउभ्याच सांगितलं, काही न वगळता. अंकुशने तोंड उघडलं, पण यमुताईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर ते मिटलं.

दादाजींनी हात पुढे केला. सरिताने त्यांच्या तळहातावर फोन ठेवला. त्यांनी तो उलटा केला, तडा गेलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"हा चालू आहे?"

"हो, मामाजी."

"मंग करा गा, काय करता ते," ते अंकुशला म्हणाले, पण फोन त्यांनी सरिताच्याच हातात परत दिला.

यमुताईंनी तिला कुठल्याही मेलमधला दुवा उघडू दिला नाही. कंपनीचा पत्ता तिने स्वतः टाइप केला, एकेक अक्षर, आणि यमुताईंनी ते प्रूफ तपासावं तसं वाचून काढलं. पासवर्ड विसरलो. जुना नंबर. चौसष्ट. चाक फिरत राहिलं. अंकुश उठून अंगणात जाऊन आला. मग फोन थरथरला आणि सहा आकडे आले.

"हा टाकू?" सरिताने विचारलं.

"हा आपण मागवलेला आहे. टाक."

नवा पासवर्ड झाला. खातं उघडलं. अंकुशने टाळी वाजवली आणि तिथेच थांबला. साठवण रिकामी होती. एकही फाइल नव्हती.

"पुसलं त्यानं," दादाजी म्हणाले. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नव्हतं. ते सरिताच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"कचरापेटी बघ, वहिनी," अंकुश घाईने म्हणाला. "पुसलेलं महिनाभर तिथं राहते."

तिने उघडली. वरून खाली सरकवत गेली, आणि ओठांतल्या ओठांत मोजत राहिली. एकशे त्रेचाळीस. एकही कमी नाही.

अंकुशने चोराचं उपकरण खात्यातून काढून टाकलं, त्याने घातलेला नंबर काढला, आणि गार्गीला फोन करून सांगितलं की सगळ्यांना कळव, दवाखान्याची मेल खोटी होती, कोणी काही भरलं असेल तर लाजू नका, लगेच सांगा. गार्गी तिकडे रडत होती हे ओसरीतही ऐकू आलं.

"मामाजी," सरिताने विचारलं, "पहिलं लावू का? तुमाले ऐकाचं असन तर. आवाज मोठा करते."

"आवाज मोठा कराची गरज नाही." दादाजींनी मान खाली घातली. "मले सारं ऐकू येते वं. कमी ऐकू येते म्हणतो, कारण मंग कोणी लावून दाखवत नाही. चार वर्षं मले तो आवाज ऐकाची हिंमत नाही झाली. तू तिकडं लपून ऐकत होती, मी इकडं लपून ऐकत नव्हतो. एका घरात."

सरिता त्यांच्या पायरीशी खाली बसली.

"आज नको," ते म्हणाले. "पण लावशीन कधीतरी. मी असताना लावशीन."

७

चोर सापडला नाही. पोलिसांनी तक्रारीचा क्रमांक दिला आणि सांगितलं की अशी मेल एकाच वेळी हजारोंना जाते. पाठवणाऱ्याला दादाजी माहीत नव्हते, मुद्रणंही माहीत नव्हती. यमुताईंना ते पटलं. त्या मेलमध्ये सौरव, दादाजी, कन्हान, काहीच नव्हतं. भीती सरिताने स्वतःच्या घरातून आणून त्यात भरली होती. तिच्या शेजारी त्या वेळी एक माणूस असतं आणि त्याने नुसतं 'थांब' म्हटलं असतं, तर त्या बटणाची काहीच ताकद नव्हती.

अंकुशने मुद्रणांच्या दोन प्रती काढल्या, एक विद्यापीठात ठेवली. कपाटाच्या दारामागचा कागद त्याने काढला. सौरवचं अक्षर म्हणून दादाजींनी तो फाडू दिला नाही. पासवर्ड मात्र आता वेगळा होता.

यमुताईंचे दिवस पुन्हा पहिल्यासारखे झाले. दुधाची पिशवी, पेपर, दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर आणि टेबलावरून खाली. संक्रांतीनंतरच्या एका दुपारी त्यांचा फोन वाजला.

"मावशी, मी सरिता. एक मेसेज आला. पार्सल अडकलं आहे म्हणते, पत्ता भरा म्हणते. लिंक आहे खाली."

"तू काही मागवलं होतंस?"

"नाही."

"पाठवणाऱ्याचं नाव?"

"नाव नाही. नुसता नंबर आहे. आन् बारा तासात भरा म्हणते."

"मग काय वाटतं तुला?"

"खोटा आहे," सरिता म्हणाली. जराशी थांबून तिने कबूल केलं, "ते समजलं होतं मले. मेसेज पुसूनही टाकला."

तिकडून कोणाचा तरी नंबर पुकारल्याचा आवाज आला, स्ट्रेचरची चाकं गेली. सरिताने फोन ठेवला नाही. यमुताईंनीही ठेवला नाही. त्यांनी पायाने खुर्ची ओढली आणि नीट टेकून बसल्या.

"आज डब्यात काय आणलंस?" त्यांनी विचारलं.